बाणकऱ्याचं ताट

"दादा, हटायचं नाही हं. झेलायचं!" गाड्यावर उभ्या असलेल्या वीरधवलनं बजावलं, आणि पटांगणात मांडी घालून बसलेली तीनशे पोरं आधीच खुसखुसायला लागली.

नाथाजीनं सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि व्हरांड्याच्या फरशीवर पाय रोवले. वीरधवलनं पोटाशी धरलेली दहा किलो वाळूची पिशवी दोन्ही हातांनी मागे फेकली. ती नाथाजीच्या छातीवर धप्पकन आदळली, आणि त्याच क्षणाला गाडा वीरधवलला घेऊन हातभर पुढे सरकला. पोरांनी टाळ्या पिटल्या. गाडा म्हणजे चार बेअरिंगांवर ठोकलेली फळी. शाळेत असली वस्तू विकत येत नसते. मोडक्या पंपाची बेअरिंगं काढून ती नाथाजीनंच अठरा वर्षांपूर्वी केली होती.

"आता सांगा, मी काय ढकललं? जमीन ढकलली?"

"न्हाई!"

"भिंत?"

"न्हाई! वाळू!"

"शाबास. मी वाळू मागं ढकलली आणि वाळूनं मला पुढं ढकललं. आता दुसरी पिशवी."

दुसऱ्या पिशवीला गाडा पहिल्यापेक्षा वीतभर जास्त गेला, तिसरीला आणखी थोडा. तिसऱ्या धक्क्याला नाथाजी एक पाऊल मागे गेलाच. पुढच्या रांगेतली पोरं खिदळली. नाथाजीही हसला. चोवीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून काढलेल्या माणसाला पोरांच्या हसण्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटायचं ते त्याचं त्यानं वेगळं ठेवलेलं असतं.

"प्रत्येक वेळी गाडा जास्त का गेला? मी तर तेवढ्याच जोरानं फेकली," वीरधवल म्हणाला. "कारण दर पिशवीगणिक आम्ही हलके झालो. रॉकेट असंच जातं. आपल्याच पोटातलं जाळून खाली फेकत जातं, हलकं होत जातं, आणि जितकं हलकं तितकं पळतं."

दहावीतली एक मुलगी उठली. "सर, पर वर हवाच नसतीया. मग रॉकेट रेटा कशावर देतंय?"

"हाच प्रश्न मी सातवीत असताना दादाला विचारला होता," वीरधवल म्हणाला. त्यानं नाथाजीकडे हात केला. "आपल्या गावात सगळे म्हणतात, दसऱ्याचा दारूचा बाण दगडावर रेटा देऊन उडतो, म्हणून तो बाणाच्या दगडावरूनच सोडायचा. दादानं काय केलं? चिंचेच्या फांदीला दोरीनं बाण टांगला आणि अधांतरी पेटवला. खाली दगड नाही, काही नाही. तरी गेला! मी आज जिथं आहे तिथं त्या चिंचेखालून गेलोय. हा माणूस माझा पहिला गुरू."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापकांनी वीरधवलला शाल घातली, नारळ दिला. केरळातल्या अवकाश केंद्रात हा गावचा मुलगा आहे, गेल्याच महिन्यात आकाशात गेलेल्या रॉकेटच्या कामात त्याचा हात आहे, हे त्यांनी माइकवरून तीनदा सांगितलं. गुरू तोवर वाळूच्या पिशव्या एकावर एक रचून प्रयोगशाळेत नेऊन ठेवत होता.

त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी प्रयोगशाळेत नाथाजीनं दरवर्षीप्रमाणे सगळ्या उपकरणांची पूजा मांडली होती. तराजू, भिंगं, लंबक, अॅमीटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. तिथे तो पिशव्या ठेवत होता तेवढ्यात मुख्याध्यापक आत आले.

"नाथाजी, पंधरा तारीख विसरू नका. साताऱ्याच्या शाळेनं हजर करून घ्यायची तयारी केलीय. प्रयोगशाळा सहायक! पगार वाढतो, खुर्ची मिळते. आणि संस्थेचा नियम माहीत आहे ना तुम्हाला?"

"व्हय सर. तिसऱ्यांदा नकार दिला की पुना बढती न्हाई."

"एकदा विट्याला नकार दिलात, एकदा उंब्रजला. लक्ष्मी टिळा लावायला आली की तुम्ही तोंड धुवायला जाता."

"आज संध्याकाळी देवळात ठरंल सर," नाथाजी म्हणाला.

आता हे कोडं सोडवलंच पाहिजे. साताऱ्याच्या नोकरीचा निकाल गावच्या, नांदरवाडीच्या देवळात का लागावा?

त्याचं असं आहे. दसऱ्याला सिद्धनाथाच्या पालखीपुढे पहिला बाण सुटतो तो बाणकऱ्यांच्या घरचा. तासगावच्या या भागात दसऱ्याला गावोगाव दारूकाम चालतं, पण नांदरवाडीचा पहिला बाण उडाल्याशिवाय गावात कुणी फुलबाजीसुद्धा लावत नाही. कितव्या पिढीपासून, असं विचारलं तर म्हातारे आभाळाकडे हात करतात. मान म्हटला की अटी आल्या. बाणकऱ्याची चूल गावातच पेटली पाहिजे आणि रात्री त्याचं अंग शिवेच्या आतच टेकलं पाहिजे. दिवसा तो कुठेही जावो, शेवटच्या एस.टी.नं परत आला पाहिजे.

घरात दोन भाऊ असले तर एकानं पाळलं तरी चालतं. पाळणारा अर्थातच नाथाजी होता. चोवीस वर्षांत तो एकदाही गावाबाहेर झोपलेला नव्हता. एकुलती एक लेक संयोगिता साताऱ्याला दिली, जावई फौजेत, नातू दोन वर्षांचा झाला. नाथाजी सहा वेळा तिकडे गेला आणि सहाही वेळा जेवण घशाखाली उतरायच्या आत पिशवी उचलून स्टँडकडे पळाला. "बाबा, तुमाला आमच्या घरात ढेकूण चावत्यात का?" असं ती हसत विचारायची आणि आत जाऊन डोळे पुसायची. वीरधवलनं तीनदा पत्र पाठवलं, दादा, रॉकेट उडताना बघायला ये. तीनदा नाथाजीनं कळवलं की गुडघा दुखतोय.

हा मान सोडता येतो. सोय आहे, नाही असं नाही. दर बारा वर्षांनी खंडेनवमीला दिवे लागायच्या सुमाराला देवळात ताट निघतं. ताटात बाणाच्या दारूचे तीन जिन्नस, सोरा, गंधक आणि कोळसा, चिमूट-चिमूट, मधोमध नारळ. घरातल्या सगळ्या हयात भावांनी एकाच वेळी ताटाला हात लावायचा. ताट कपाळाला लावलं की मान पुढच्या तपापुरता घेतला. देवापुढच्या पायरीवर ठेवलं की त्या सालचा शेवटचा बाण उडवून सोडला. बोलायचं काही नाही. देवापुढे शब्द फिरवता येतो, ताट फिरवता येत नाही, असं जुनी माणसं सांगतात.

त्र्याहत्तर साली आबा, म्हणजे नाथाजीचे वडील, दारू कुटताना भाजले आणि चौथ्या दिवशी गेले. त्याच नवमीला ताट निघालं. नाथाजी एकवीस वर्षांचा, सांगलीच्या कॉलेजात विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला. वीरधवल तेरा वर्षांचा. दोघांनी ताट कपाळाला लावलं, कारण बापाची राख अजून गरम असताना मान सोडायचा कसा? नाथाजीचं कॉलेज सुटलं, गावच्या शाळेत परिचराची जागा मिळाली, आणि त्या पगारावर वीरधवल सांगलीला, मग पुण्याला शिकला. पंच्याऐंशी साली पुन्हा ताट निघालं तेव्हा वीरधवल नुकता नोकरीला लागलेला. सोडूया का, असं नाथाजीनं नुसतं सुचवलं होतं. "दादा, आत्ताच कुठं माझं बस्तान बसतंय, घरात असा विषय नको," असं वीरधवल म्हणाला, आणि पुन्हा कपाळाला ताट लागलं.

आज तिसरं ताट. पुढचं निघेल तेव्हा नाथाजी सत्तावन्न वर्षांचा असेल आणि त्याच्या निवृत्तीला एक वर्ष उरलेलं असेल. त्यानं हा हिशोब इतक्यांदा केला होता की आता तो करावा लागत नव्हता.

गावाचं म्हणाल तर गावाचं काही अडत नव्हतं. पंचांतले नानासो मान घ्यायला केव्हाचे टपून बसले होते. तीन धडधाकट मुलगे, दारूकामात तिघंही तरबेज. अडत होतं ते एकाच जागी, आणि ती जागा आज दुपारी जेवून, पान खाऊन, मळ्यातल्या खोपटाकडे चालत आली.

खोपटात नाथाजी उद्याच्या बाणाला दोरा गुंडाळत होता. दारूचं काम सूर्य असेतोवरच, दिवा जवळ आणायचा नाही, हा आबांचा नियम तो मोडत नसे. वीरधवल चप्पल बाहेर काढून आत आला आणि बाणाच्या तोंडात डोकावून बघत राहिला.

"दादा, आतली पोकळी निमुळती केलीस? आबा सरळ ठेवायचे ना?"

"सरळ पोकळीत बाण सुरुवातीला लय जोर करतोय आनि वर गेल्यावर दमतोय. वाईच निमुळती केली की शेवटापतूर दम टिकतोय. तीन-चार वर्सं लागली हे कळायला. लय बाण फुकाट गेले."

"कुणी सांगितलं हे?"

"कोन सांगनार? बाणच सांगतोय."

वीरधवल मटकन पोत्यावर बसला. "आमच्याकडे पाच माणसं दोन वर्षं हेच गणित करत होती. आत कुठल्या आकाराची पोकळी ठेवली की रेटा किती वेळ टिकतो. कॉम्प्युटर लावून." तो हसायला लागला. "मी प्रत्येक भाषणात सांगतो दादा, माझा भाऊ आजही गावाकडे हातानं बाण करतो. परदेशी पाहुणे आले तरी सांगतो. लोक थक्क होतात."

नाथाजीनं दोऱ्याची गाठ मारली. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं. त्याचे कान तापले. धाकट्या भावाकडे काही मागायची सवयच नव्हती त्याला.

"वीरू, संध्याकाळी ताट निघनार हाय. मला ते खाली ठेवायचंय."

वीरधवलच्या चेहऱ्यावरचं हसू आहे तिथेच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "मान सोडायचा? का?"

नाथाजीनं खिशातला साताऱ्याचा आदेश त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला.

"हे छान आहे. पण दादा, बढतीसाठी मान सोडायचा? आबा यात गेले. हे आपल्या घराचं नाव आहे. गावात माझं म्हणून आता काय उरलंय? हा एक बाणच तर आहे."

"तुजा हाय व्हय बाण?" नाथाजी एकदम म्हणाला. मग आवाज खाली आणून बोलला. "तिकडं पाव्हन्यांना सांगायला तुला बाण पायजे. पर तो कुटायला मी पायजे. दरसाल नवरात्र आलं की तुजी वैनी लीला घटापुढं बसून रडती. सोरा कुटताना मला आबांचा वास येतोय वीरू. भाजलेल्याचा. चोवीस वर्सं झाली, अजून येतोय."



"आज तू पोरांना लय ब्येस सांगितलंस," नाथाजी पुढे म्हणाला. "मागं फेकलं म्हनून गाडा पुढं गेला. समदं बराबर. पर जे मागं फेकलं त्याचं काय झालं, ते न्हाई सांगितलंस. कुना पोरानं इचारलंबी न्हाई."

खोपटाबाहेर द्राक्षबागेत कुणीतरी पंप सुरू केला. वीरधवल बराच वेळ हातातल्या आदेशाची घडी उलगडत, पुन्हा घालत राहिला.

"त्याचाही हिशोब असतो दादा," तो शेवटी म्हणाला. "वर जाणाऱ्याचं आणि खाली फेकलेल्याचं, दोन्हीचं मिळून मांडतात. जेवढं एक वर, तेवढंच दुसरं खाली. बेरीज शून्य येते. मी पहिल्या वर्षापासून हे फळ्यावर लिहितोय." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "लिहितोय नुसतं."

"मला बेरीज नको रं. मला साताऱ्याला जाऊ दे."

"जा दादा," वीरधवल म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. "संध्याकाळी मी तुझ्याबरोबर हात लावतो. मी अगोदरच... पंच्याऐंशीलाच खाली ठेवायला हवं होतं."

"नुसता हात लाव. मी करतो तसं कर."

"तू म्हणशील तसं."

नाथाजीला उठून नाचावंसं वाटलं. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला ते शोभलं नसतं, म्हणून त्यानं खोपट झाडून काढलं. घरी जाऊन लीलाबाईच्या कानात सांगितलं तर ती पीठ मळता मळता थांबली आणि म्हणाली, "खरं? देवाशप्पत?" आणि त्याच पिठाच्या हातानं तिनं देव्हाऱ्याला हात जोडले.

संध्याकाळी देवळापुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. एरवी ताटाला पन्नास-साठ माणसं असायची. आज रॉकेटवाला येणार म्हणून आजूबाजूच्या वाड्यांवरचे लोकही आले होते. तरुण मंडळानं कर्णा लावला होता. सरपंचांनी माइक हातात घेतला तो सोडायला तयार नव्हते. ढोल, कैताळांचा झणझणाट, गुलाल, आणि मध्येच "नाथसाहेबाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी. वीरधवलला कुणीतरी भगवा फेटा बांधला. तो नको नको म्हणत होता, पण फेटा त्याला शोभत होता.

नाथाजी त्याच्या डाव्या हाताला उभा होता. समोर पायरीपाशी पंच बसले होते. नानासोंच्या कानावर नाथाजीनं दुपारीच घातलं होतं, त्यामुळे ते नवा सदरा घालून आले होते आणि त्यांचे तिघं मुलगे खांबामागे तयार होते.

पुजारी ताट घेऊन गाभाऱ्यातून बाहेर आला. रीतीप्रमाणे ताट थोरल्याच्या पुढे धरायचं. पण कर्ण्यातून सरपंच गरजले, "आता आपल्या गावाची शान, शास्त्रज्ञ वीरधवलराव ताटाला हात लावतील!" आणि पुजारी बिचारा गोंधळून तिकडे वळला. वीरधवलनं दोन्ही हातांनी ताट धरलं. नाथाजीनं घाईनं पुढे होऊन कडेला हात लावला.

"खाली, वीरू. पायरीवर," तो म्हणाला.

ढोलावर त्याच वेळी टिपरी पडली. वीरधवलनं त्याच्याकडे पाहून मान हलवली, हसला, आणि डोळे मिटले. गावाबाहेर वीस वर्षं काढलेला माणूस तो. देवाचं ताट हातात आलं की कोणताही भाविक माणूस जे करतो, तेच त्यानं केलं. वाकून, अगदी मनापासून, त्यानं ताट कपाळाला लावलं.

नाथाजीचा हात कडेला होता. ताट वर चाललंय हे त्याला बोटांत कळलं. तेवढ्या क्षणात खाली दाबता आलं असतं. पण दाबलं असतं तर नारळ गडगडत पायऱ्यांवरून खाली गेला असता, आणि सगळ्या गावासमोर, कर्ण्यासमोर, धाकट्याच्या हातून देवाचं ताट सांडलं असतं. त्याचा हात ताटाबरोबर वर गेला. जिथे थांबला तिथे त्याचंही कपाळ होतंच.

"चांगभलं!" गाव ओरडलं. गुलाल उधळला. मग वीरधवलनं डोळे उघडले, आणि दादानं सांगितलं होतं हे आठवून ताट हळूच, फार जपून, पायरीवर ठेवलं.

त्यानं वळून नाथाजीला मिठी मारली. "सुटलास, दादा," तो कानाशी म्हणाला. "आज मला बरं वाटलं. किती वर्षांनी बरं वाटलं."

नाथाजीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. भावाची पाठ थरथरत होती. आबा गेले त्या दिवशी हीच पाठ अशी थरथरली होती, एवढंच त्याच्या मनात आलं. बाकी डोकं रिकामं झालं होतं.

गर्दी पांगली. वीरधवलला पोरांनी सह्यांसाठी घेरलं. नानासो काठी टेकत नाथाजीजवळ आले. म्हाताऱ्याचा चेहरा पडला होता. खोटं कशाला बोला, त्याला स्वतःच्या घराचंही वाईट वाटत होतं, पण नाथाजीचंही वाटत होतं.

"काय रं हे? खाली ठेवायचं ठरलं हुतं न्हवं?"

"त्याला ठावं न्हाई, नानासो. मागच्या दोनी बारीला मी केलं तसं त्यानं केलं, रीत कवा इचारली न्हाई. त्याला वाटतंय खाली ठेवलं म्हंजे झालं."

"अगुदर कपाळाला लागलं की रं. समद्या गावानं बघितलं. आता पंचांनी तरी काय करावं?"

"तुमी काय करू नका."

"त्याला बोलवू? सांगू समजावून?"

नाथाजीनं देवळाच्या दारात पाहिलं. फेटा कलला होता आणि वीरधवल एका पोराच्या वहीवर गाड्याचं चित्र काढून दाखवत होता. हसत होता.

"आवं नको. सांगू नका त्याला," नाथाजी म्हणाला. "मी पाया पडतो तुमच्या. गावात समद्यांना बजावून ठेवा, त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. सांगून ताट फिरनार हाय का? न्हाई न्हवं. मग एकानं तरी हलकं हुन जाऊ दे."

नानासोंनी त्याचा दंड धरला. हात सोडताना म्हणाले, "तुजा बाप बाणकरी हुता. तू त्याच्या वरचढ निगालास. काय उपेग?"

घरी लीलाबाई उंबऱ्यातच उभी होती. ती बायकांच्या बाजूला देवळात होतीच, तिनं सगळं पाहिलं होतं. नाथाजीनं तिला नजरेनं थांबवलं, मागून वीरधवल येत होता. तिनं पदर तोंडाशी धरला, आत गेली, आणि दिराला आवडतं म्हणून केलेली पुरणपोळी तव्यावर टाकली. त्या रात्री वीरधवलनं सहा पोळ्या खाल्ल्या. साताऱ्यात शाळेजवळ खोली घ्या, संयोगिताला सांगा, तिथल्या प्रयोगशाळेत दादा असं असं कर, असं तो भरभरून बोलत होता. लीलाबाई "व्हय भावजी, व्हय" म्हणत वाढत होती.

दसऱ्याला बाण उडाला. असा बाण गावानं पाहिला नव्हता. दगडावरून सुटला तो ना डुलला ना कुठे दमला, पार चांदणीएवढा होईतोवर सरळ चढत गेला. सगळ्यांच्या माना वर होत्या. खाली धुराच्या लोटात, दगडाजवळ, डोळे चोळत उभ्या असलेल्या माणसाकडे कोण बघणार? वीरधवल तेवढा धुरात शिरला आणि म्हणाला, "शेवटचा म्हणून जीव ओतलास, दादा!"

"व्हय," नाथाजी म्हणाला. खोकल्यानं त्याला पुढचं बोलता आलं नाही, ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेच्या गाडीसाठी जीप आली. सामान चढवून झालं. वीरधवल पाया पडला, लीलाबाईच्याही पडला. जीपमध्ये बसल्यावर त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि नाथाजीचा हात धरून ठेवला.

"आता गुडघ्याचं निमित्त चालणार नाही हं. पुढचं उड्डाण ठरलं की तिकीट पाठवतो. दोन दिवस आधी यायचं, माझ्याकडे राहायचं. समुद्राकाठी उभं राहून बघू दोघं. दादा, ते वर जाताना छातीत आवाज होतो, तुला सांगतो, आतून."

"बघू की. येतो," नाथाजी म्हणाला.

"आणि साताऱ्याचा पत्ता कळव. पत्र तिकडंच टाकीन."

"तू आपलं हितल्याच पत्त्यावर टाकत जा," नाथाजी म्हणाला. "पोस्टमन वळखीचा हाय. पोचतंय बराबर."

जीप वेशीबाहेर जाऊन सांगलीच्या रस्त्याला वळली. धूळ बसेपर्यंत नाथाजी उभा राहिला. मग घरी आला. मुख्याध्यापकांना द्यायची चिठ्ठी त्यानं उभ्या उभ्याच लिहिली. "घरगुती अडचणीमुळे" एवढंच कारण लिहिलं. मागच्या दोन वेळांनाही तेच लिहिलं होतं. खाली सही केली आणि चिठ्ठी घडी घालून ठेवून दिली.

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज येत होता. ताट निघायच्या आधी, नवमीच्या दुपारी पीठ मळून झाल्यावर, लीलाबाईनं साताऱ्याला न्यायचे म्हणून पितळी डबे पोत्यात भरले होते. दोन दिवस पाहुण्यापुढे तिनं त्या पोत्याला हात लावला नव्हता. आता ती एकेक डबा बाहेर काढून पदरानं पुसत होती आणि फळीवर मांडत होती. ती रडत नव्हती. डाळीचा, तांदळाचा, हळदीचा, ज्याच्या त्याच्या जागेवर ठेवत होती.

सगळ्यात वरच्या फळीला तिचा हात पुरेना. नाथाजीनं तिच्या हातातला डबा घेतला आणि तो स्टुलावर चढला.